खुर्ची कुठे टाकायची, आणि किती वाजेपर्यंत

लोहारा तालुक्यात माकणीला तेरणा नदीवर धरण आहे, आणि नवी मुंबईत नेरूळला त्याच नदीच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. माकणीच्या पोरांची वाट मात्र आधी लातूरला जाते. अकरावी-बारावी, क्लास, मेस, नीट. एमबीबीएसचा आकडा थोडक्यात हुकला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "अजून एक वर्ष रिपीट कर." दुसरा म्हणतो, "बीडीएस मिळतंय तर घेऊन टाक, नावाआधी डॉक्टर लागतंयच की." हा लेख दुसऱ्या तटाचं ऐकून दंत महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या लग्नाची घाई झालेल्या आईवडिलांनीही वाचायला हरकत नाही.

दातांच्या डॉक्टरकीला इतर शाखांपेक्षा एक मोठं सुख आहे: तिची वेळ बऱ्यापैकी आपल्या हातात असते. दाढ रात्रीच ठणकते हे खरं, पण बहुतेक वेळा ती गोळीवर सकाळपर्यंत थांबते. गालाला मोठी सूज आली, गिळता येईना किंवा मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला, तर पेशंट तसाही मोठ्या रुग्णालयात जातो. बाकी सारं अपॉइंटमेंटवर चालतं. आई झालेली डॉक्टर सकाळी दहा ते दोन दवाखाना चालवू शकते, आणि बापही मुलाला शाळेतून आणायला जाऊ शकतो. हे सुख दोन कारणांनी हातचं जातं: एक बँकेचा मोठा हप्ता, दुसरं मूल सांभाळायला घरात कुणी नसणं. हप्ता मोठा असला की संध्याकाळचे नऊ वाजतात, रविवारही जातो. म्हणून पुढचे सगळे निर्णय, म्हणजे एमडीएस, शहर की गाव, नोकरी की स्वतःचा दवाखाना, या दोन गोष्टी समोर ठेवून घ्यावेत असं माझं मत आहे.

सुरुवात फीपासून करू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. म्हणून 'फेऱ्यांत कशाला ताटकळायचं, डायरेक्ट सीट घेऊ' म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा. त्याच्या नादाने पाच वर्षांचं ओझं डोक्यावर येतं. माफीतही वसतिगृह, मेस आणि हत्यारं येत नाहीत. हत्यारांचा खर्च पहिल्या वर्षीच अंगावर येतो. मेणाचे दात कोरायची चाकूसुरी, टायपोडाँट, पुढे हँडपीस. वरच्या वर्गातल्यांकडून वापरलेली हत्यारं घ्यायला लाजू नका. हँडपीस तेवढा नवा घ्या.

तिसऱ्या वर्षापासून क्लिनिकल पोस्टिंग लागतात आणि कोट्याची धावपळ सुरू होते. इतक्या दाढा काढल्या, इतके सिमेंट भरले, इतक्या पूर्ण कवळ्या बसवल्या, तरच परीक्षेला बसता येतं. कवळीचा पेशंट काही ओपीडीत आयता मिळत नाही, मग गावाकडची आजी आठवते. आजीला एसटीने आणायचं, सकाळी माप घ्यायचं, दुपारी मेसचा डबा खाऊ घालायचा, आणि 'मॅडमनी माप रिजेक्ट केलं' म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवायचं. आजी चार-पाच फेऱ्या मारते. या फेऱ्यांकडे नीट बघा. आजीला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला? दुखण्याचा नाही, येण्याजाण्याचा. लोहारा, सास्तूर, माकणी या भागात दवाखाना टाकला तर चालेल का, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

क्लिनिकला पाय ठेवण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा. पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती तयार झाली की नाही ते बघा. सुई टोचणं या धंद्यात कुणालाच चुकत नाही.

इंटर्नशिपचं वर्ष बहुतेकांचं एमडीएसच्या अभ्यासात किंवा आरामात जातं. माझा सल्ला असा की त्यातले सुटीचे दिवस एखाद्या चालत्या दवाखान्यात काढा. लातूरचा, उमरग्याचा, कुठलाही. तिथे दात बघू नका, ते कॉलेजात भरपूर बघितले. वही बघा. लॅबचं बिल महिन्याला किती येतं, पेशंट किती वाजता येतात, असिस्टंटचा पगार काय, उधारी किती आणि ती वसूल कशी होते. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, आणि दवाखाने बंद पडतात ते बहुतेक याच्याच अज्ञानापायी.

आता एमडीएस. अठराव्या वर्षी प्रवेश, तेविसाव्या वर्षी बीडीएस, पुढे नीट-एमडीएसची तयारी धरून तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. म्हणजे हातात पदवी येते तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. मुलीच्या घरचे तोवर कासावीस झालेले असतात. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात नॅशनल एक्झिट टेस्टची तरतूद आहे. प्रॅक्टिसचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश दोन्हींना ती परीक्षा आधार ठरायची आहे. तेव्हा शेवटच्या वर्षाचा अभ्यास 'पासिंगपुरता' करायची जुनी सवय सोडा.

कुठली शाखा घ्यावी हे आवडीवर आणि गुणांवर ठरेल, पण प्रत्येक शाखेचं घड्याळ वेगळं असतं हे माहीत असू द्या. ओरल सर्जरीला अपघाताच्या केसेस असतात, रात्री-बेरात्री फोन येतो. ओरल पॅथॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थ घेतलं तर बहुधा अध्यापन, वेळ ठरलेली, पगार संस्थेच्या मर्जीवर. एंडोडोंटिस्ट म्हणजे रूट कॅनालवाला. तो गावोगावच्या दवाखान्यांत व्हिजिटिंग म्हणून जाऊ शकतो, काम एका बैठकीत किंवा दोन बैठकांत संपतं, मागे काही उरत नाही. तारा लावणाऱ्या ऑर्थोडोंटिस्टचं उलट आहे. महिन्यातून एक दिवस औसा, एक दिवस निलंगा, एक दिवस उमरगा असं वेळापत्रक बसवता येतं, ऐकायला फार सुटसुटीत. पण एका पेशंटची तार दीड-दोन वर्षं चालते. आज तार लावली की पुढची दोन वर्षं तुम्ही त्या पोराला बांधील आहात, मध्ये बाळंतपण आलं तरी आणि नवऱ्याची बदली झाली तरी. ऑर्थो घेऊ नका असं म्हणत नाही. पण त्याच भागात काम करणारा दुसरा ऑर्थोडोंटिस्ट मित्र जोडून ठेवा, एकमेकांच्या केसेस सांभाळायचा शब्द आधीच द्या.

बीडीएसवर थांबणाऱ्यांनी कमीपणा मानू नये. माकणीच्या आसपास जी कामं लागतात, म्हणजे दाढ काढणं, सिमेंट, रूट कॅनाल आणि कॅप, कवळी, सफाई, ती चांगला बीडीएस नीट करतो. ज्यांना गावाकडे यायचंच आहे त्यांनी दोन-तीन वर्षं मोठ्या दवाखान्यात हात बसवावा आणि परतावं.

गावाकडे यायचं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल फार हवेत बोललं जातं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करतात असं आढळलं, आणि त्यातले बहुतेक बिडी-सिगारेट ओढणारे नव्हेत, तंबाखू खाणारे-लावणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना चालूच आहे आणि बायकांची मिश्रीही. त्यामुळे इथला दातांचा डॉक्टर फक्त दातांचा राहत नाही. "ठेचा खाल्ला की तोंड भाजतंय" म्हणत बाई येते. तिच्या गालाच्या आतली कातडी पांढरट, चिवट झालेली असते. तिचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. दोनच गेली तर तोंड उघडणं कमी झालंय हे समजायचं. तिला दाढेचं औषध देऊन घरी पाठवलं तर आपण काही केलं नाही. व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल तर तुकडा तपासायला पाठवायचा, आणि शंका खरी ठरली तर बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल या भागाला जवळ आहे. अशा कामाला फी फार मिळत नाही. पण पंचक्रोशीत नाव होतं ते यानेच, आणि पेशंट नावावर येतात.

खुर्ची टाकण्याआधी पाणी आणि वीज बघा. देशी बनावटीची साधी खुर्ची लाख-दीड लाखापासून मिळते. वर कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे. बोअरचं जड पाणी थेट खुर्चीला जोडलं तर नळ्यांत क्षार साचतात आणि हँडपीसचं तोंड बुजतं, म्हणून खुर्चीच्या बाटलीत शुद्ध केलेलं पाणीच भरायचं. घरगुती इन्व्हर्टर कॉम्प्रेसर ओढत नाही, हे खुर्ची विकणारा सांगत नाही. एक्स-रे मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर करावी लागते, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार करून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. ही कागदपत्रं दवाखाना उघडण्याआधीची आहेत, नंतरची नव्हेत.

कर्जाच्या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे. मुद्रा योजनेतल्या 'तरुण' गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं म्हणून दहा लाखच काढायचे असं नाही. इंप्लांटचं किट, मोठं एक्स-रे मशीन पहिल्या दिवशी लागत नाही. व्हिजिटिंग सर्जन स्वतःचं किट घेऊन येतो. हप्ता इतकाच ठेवा की सहा महिने दवाखाना निम्म्या वेळेवर चालला तरी फिटेल. तुमच्या बाळंतपणाचे किंवा वडिलांच्या आजारपणाचे सहा महिने यातच धरलेले आहेत.

आणि उधारी. "सोयाबीन विकलं की देतो" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल, ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण लॅबवाला सोयाबीनची वाट बघत नाही. कॅप आणि कवळीच्या कामात लॅबचा खर्च आधी घ्या, स्वतःची मजुरी पिकावर सोडली तरी चालेल.

असिस्टंट गावातलीच घ्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. तिथे जे गावच्या आरोग्याच्या बाबतीत जमलं, ते हत्यारं धुऊन ऑटोक्लेव्हला लावणं, अपॉइंटमेंट लिहिणं, एक्स-रे डेव्हलप करणं या बाबतीत दहावी झालेल्या चुणचुणीत मुलीला सहज जमतं. तुम्ही दोन महिने रजेवर गेलात तर दवाखान्याचं कुलूप उघडून पेशंटला 'डॉक्टर अमुक तारखेला येणार' सांगणारं माणूस तीच असते.

नोकरी हवी असेल तर लोहाऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, उमरग्याला उपजिल्हा रुग्णालय. अशा रुग्णालयांत दंत शल्यचिकित्सकाची पदं असतात, काही नियमित, काही राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी. कंत्राटात रजेचं कलम वाचून सही करा. खासगीत काम करणाऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्या. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यात आहे. पण ती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या नोकरदार बाईला. पुण्या-मुंबईतले दवाखाने तरुण डॉक्टरला 'पर्सेंटेजवर' ठेवतात. पर्सेंटेजवरची डॉक्टर कागदावर नोकरदार नसते. काम केलं तर पैसे, नाहीतर काही नाही. स्वतःच्या दवाखान्यातही तेच. ही रजा तुम्हाला स्वतःच साठवावी लागते. पहिल्या पेशंटपासून दर महिन्याची ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. आरोग्यविम्यात प्रसूतीचा लाभ लागू व्हायला थांबण्याचा काळ असतो, तो बहुधा वर्षांत मोजला जातो. म्हणून पॉलिसी लग्न ठरायच्या आधीच घेतलेली बरी.

गरोदरपणात काम थांबवायची गरज नसते, बदलायची असते. एक्स-रे काढताना स्वतः खोलीबाहेर, हातात धरायचं मशीन असेल तर ते दुसऱ्याच्या हाती. पारा असलेली चांदीची फिलिंग करू नका आणि जुनी उकरूही नका. सहावा महिना लागला की नवी तार नाही, नवा इंप्लांट नाही. सुरू असलेले रूट कॅनाल संपवत आणायचे आणि प्रत्येकावर कॅप बसवून मोकळं व्हायचं, कारण कॅप न बसवलेली दाढ तुम्ही रजेवर असतानाच मोडते. उरलेल्या केसेसची यादी एका पानावर, शेजारच्या गावातल्या सहकाऱ्याकडे. मान आणि कंबर या धंद्यात पुरुषांचीही जाते. स्टूलची उंची आणि बसण्याची पद्धत कॉलेजातच सुधारा, चाळिशीत सुधारत नाही.

इथल्या दवाखान्याला पिकाचंही कॅलेंडर असतं. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी, या दिवसांत ओपीडी ओस पडते. दिवाळीच्या सुमारास हातात पैसा आला की राहिलेल्या कॅपा आणि कवळ्या निघतात. मे महिन्यात लग्नसराई आणि शाळेच्या सुट्या, म्हणजे सफाई आणि लहान मुलं. घरच्या सुट्या, माहेरपण, सासू-सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं काढणीच्या दिवसांत बसवा. गाव कामात असतं, कुणाची अडवणूक होत नाही.

आता लग्नाचं. मुंबईत १९२३ मध्ये फातिमा जिन्नांनी दातांचा दवाखाना उघडला होता. त्या कलकत्त्यात शिकलेल्या, तेव्हाच्या मोजक्या दंतवैद्य स्त्रियांपैकी. फेब्रुवारी १९२९ मध्ये भावाची पत्नी वारली, तेव्हा भावाचं घर बघायला त्यांनी तो दवाखाना बंद केला. त्यांचं पुढचं आयुष्य इतिहासात आहे, पण दवाखाना पुन्हा उघडला गेला नाही. घरात अडचण आली की कुणाचं काम आधी थांबायचं, हे आजही न विचारताच ठरतं. म्हणून कांदेपोह्यांच्या वेळीच बोला. दवाखाना कुठे असेल? संध्याकाळी उघडा असेल का? मूल आजारी पडलं तर कोण घरी थांबेल? कर्ज कुणाच्या नावावर? मुलग्यांनीही हे प्रश्न स्वतःला विचारावेत. दातांचा डॉक्टर नवरा आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना बंद ठेवू शकतो. त्याने तसं ठरवलं तर पेशंट सकाळी येतात, कुठे पळून जात नाहीत.

'वर घर, खाली दवाखाना' ही आपल्याकडची आवडती सोय. आजी-आजोबा घरात असतील तर ती सोन्यासारखी, फक्त दार वेगळं ठेवा आणि दुपारी दोन ते चार शटर खाली. शटर उघडं दिसलं की पेशंट जेवणाच्या ताटावरून उठवतो. आजी-आजोबा गावी आणि तुम्ही पुण्यात असाल, तर पुण्यातली जास्तीची कमाई पाळणाघर, भाडं आणि हप्ता यांत किती जाते ते एकदा कागदावर मांडा. मग लोहारा आणि पुणे यांची तुलना करा.

आपला भाग सीमेवरचा. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटक, तिकडे सोयरिकी होतातच. दंतवैद्याची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे असते. बिदर किंवा कलबुर्गीला प्रॅक्टिस करायची तर नोंदणी तिकडे न्यावी लागते, लग्नाच्या खरेदीबरोबर हेही काम यादीत घाला. आणि लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर पदवी, परिषदेचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक सगळीकडे एकच नाव होईपर्यंत वर्ष जातं. व्यवसायाचं नाव माहेरचंच ठेवलं तर हा सगळा व्याप वाचतो.

स्थळ अमेरिकेतलं असेल तर जास्त सावध. भारतातल्या बीडीएसवर तिथे थेट दात बघता येत नाहीत. आधी आयएनबीडीई परीक्षा, मग बहुतेक राज्यांत तिथल्या दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्याची फी भारी. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला कामाची परवानगी सरसकट मिळत नाही. ब्रिटनला ओआरई, ऑस्ट्रेलियाला तिथल्या दंत परिषदेची परीक्षा. या वाटा बंद नाहीत, लांब आहेत. मुलाकडच्यांना सरळ विचारा की ही फी कोण भरणार आणि ती तीन वर्षं घर कोण बघणार. उत्तर 'तिकडे गेल्यावर बघू' असं आलं, तर पासपोर्टच्या आधी महाराष्ट्रातली आपली नोंदणी चालू राहील आणि तिचं नूतनीकरण वेळेवर होईल, एवढी व्यवस्था करून मगच विमानात बसा.